शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार

आत्याने गुरुवारी सकाळी फोन करून विचारलं, की रंगाची जाडी मोजायचं ते यंत्र अजून माझ्या प्रयोगशाळेत आहे का, आणि असेल तर ते घेऊन मी रविवारपर्यंत तिच्याकडे राहायला येऊ शकते का. एरवी ती मला बोलावताना कारण देत नाही. "ये" म्हणते आणि फोन ठेवते. यंत्राची चौकशी झाली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

मी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. डब्याच्या आत, अन्न आणि पत्रा यांच्यामध्ये, एक पातळ लेप असतो. तो सगळीकडे सारखा बसलाय का हे पाहणं माझं काम. तिथे आम्ही मायक्रॉनमध्ये बोलतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर आमचा लेप त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. लहानपणी मी वाढदिवसाच्या केकचे तुकडे पट्टी लावून तपासले होते, तेव्हापासून आत्या मला मोजपट्टी म्हणते. आमच्या साहेबांनी वहीत सही घेऊन चार दिवसांसाठी यंत्र दिलं आणि कशासाठी हवंय हे विचारलं नाही. मोजमापाच्या धंद्यातली माणसं बहुधा अशीच असतात.

आत्याने तीस वर्षं मोटार चालवायला शिकवलं. फक्त बायकांना, आणि सगळ्यांना एकाच गाडीवर. गाडी लहान, लाल, त्या काळीही जुनीच घेतलेली. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक बसवलेला. तीन महिन्यांपूर्वी तिचे गुडघे बोलायला लागले आणि तिने शाळा बंद केली. पण दोन्ही दारांवरची पाटी मात्र तशीच होती. पांढऱ्या फिल्मची मोठी आयताकृती पट्टी, त्यावर काळ्या अक्षरांत "सुरक्षित मोटार स्कूल".

स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलता सोलता तिने कारण सांगितलं. टोपीमावशीचा फोन आला होता.

टोपीमावशी म्हणजे आत्याची मैत्रीण. उन्हात शिकवायला बसताना रुंद काठाची गवती टोपी घालायची म्हणून आम्ही मुलांनी ठेवलेलं नाव. शाळा त्या दोघींनी मिळून काढली होती. चार वर्षांनी मावशी निघून गेली. का गेली याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं, तिला कंटाळा आला. ते वाक्य आत्याचं होतं आणि कुणी दुसरं मागितलं नव्हतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. आता मावशीने फोनवर एवढंच विचारलं होतं, की गाडी अजून आहे का, आणि असेल तर रविवारी अकराला येऊन बघून गेले तर चालेल का.

"तिला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये," आत्या म्हणाली. "कुठेही."

मला वाटलं, जुन्या मैत्रिणीपुढे मिरवायचंय. वाटाणे संपेपर्यंत माझं तेच मत होतं.

गाडीघर घराच्या मागे आहे, त्याचं दार पूर्वेला उघडतं. गुरुवारी दुपारी मी आधी गाडी धुतली, सुकू दिली आणि एका पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून टपावर हलक्या हाताने फिरवलं. फडकं गुलाबी झालं. हे मला पाहायचं होतं. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लाखेचा थर असतो. तुम्ही घासता ती लाख, रंगाला हात लागत नाही. जुन्या गाडीवर रंग हाच शेवटचा थर. फडक्यावर येतो तो गाडीचाच अंश असतो. उन्हाने वरचा भाग मरतो, त्याची खडूसारखी भुकटी होते, लाल गाडी गुलाबी दिसू लागते. ती भुकटी काढली की खाली मूळ लाल असतो. पण प्रत्येक वेळी काढताना थोडा जिवंत रंगही जातो, आणि तो परत येत नाही.

म्हणून यंत्र. ते पत्र्यावर टेकवलं की पत्र्यापासून वरच्या टोकापर्यंतची जाडी सांगतं. टपावर नव्वदच्या आसपास, बॉनेटवर पासष्ट. सगळं वहीत लिहून घेतलं. यातले साधारण तीस मायक्रॉन तळाच्या प्रायमरचे धरायचे. उरलेल्या लालवर आपला संसार.

पाट्या काढायला आत्याने मला सांगितलं आणि स्वतः आत निघून गेली. केस वाळवायच्या यंत्राने फिल्म कोमट करून, कोपरा उचलून, हळूहळू ओढायची. सव्वीस वर्षांनी ती अखंड निघत नाही, बोटाएवढ्या तुकड्यांत येते. शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार आधी घेतलं. खाली गडद लाल आयत निघाला. तेवढ्या भागाला इतकी वर्षं ऊन लागलेलं नव्हतं. आणि त्या आयताच्या मध्यभागी ओरखडे होते. पुष्कळ, गोल गोल, एकमेकांवर चढलेले, पाण्यावर पसरलेल्या फेसासारखे. मी यंत्र टेकवलं. पंचावन्न. शेजारी, जिथे ओरखडे नव्हते, तिथे त्र्याऐंशी.

संध्याकाळी मी आत्याला विचारलं. तिने सांगितलं की पाटी लावायच्या आधी रंगाऱ्याने दार साफ केलं होतं, आणि तो रंगारी महाबेशिस्त होता.

मी मान हलवली. पण नवख्या हाताने घासलेली आणि कामगाराने घासलेली जागा वेगळी दिसते. कामगाराचे हात एका दिशेने जातात, कारण त्याला संध्याकाळी घरी जायचं असतं. इथली वर्तुळं तळव्याएवढी होती, कुठे खोल, कुठे नुसतीच निसटलेली, आणि आयताच्या बाहेर खाली दाराच्या कडेपर्यंत दोन-तीन फटकारे गेले होते. जणू घासणाऱ्याला कुठे थांबायचं ते दिसत नव्हतं. शुक्रवारी सकाळी चालकाच्या बाजूची पाटी काढली तेव्हा कोडं वाढलं. तिथेही ओरखडे होते, पण सरळ, बारीक, समांतर. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून, कडेला चिकटपट्टी लावून केलेले. कडा आखल्यासारखी. जाडी सगळीकडे सत्तर, फरक एक-दोनचा. आमच्या कारखान्यात असं काम करणाऱ्याला मी लगेच घेतलं असतं.

एकच रंगारी, एकच गाडी, आणि दोन दारांवर दोन स्वभाव. मी दोन्हीची चित्रं वहीत काढली आणि खाली प्रश्नचिन्ह दिलं.

पण रविवार जवळ होता. शुक्रवारी दिवसभर मी पॉलिश केलं. टप, बॉनेट, मागचं झाकण, बाजू. पॉलिशच्या यंत्राशिवाय, हाताने, मऊ स्पंजाने, कारण हाताला कधी थांबायचं ते कळतं. एकामागून एक फडकी लाल झाली. आत्या मधून मधून दारात येऊन उभी राही आणि म्हणे की एवढा रंग फडक्यावर आला तर गाडीवर काय उरणार, त्यापेक्षा फडकीच गाडीला शिवून टाक. तिला मजा येत होती. जुना लाल वर येत होता. फिकट वीट होती तिथे पिकलेली मिरची दिसायला लागली होती.

दारांवरच्या आयतांना मी दोन हलके हात दिले. बारीक ओरखडे गेले, खोल तसेच राहिले. ते घालवायचे म्हणजे जाड कंपाउंडने, म्हणजे खरखरीत पॉलिशने, आणखी दहा-बारा मायक्रॉन उतरवायचे, आणि पंचावन्नात तेवढी सोय नव्हती. एखाद्या जागी करडा प्रायमर डोकावला असता आणि मग देवही काही करू शकला नसता. मी दुसरा मार्ग घेतला. फिलर. तेल, मेण आणि अगदी बारीक भुकटी यांचं ते मिश्रण ओरखड्याच्या खाचेत बसतं. प्रकाश मग खाचेत अडखळत नाही, सरळ परत येतो आणि डोळा समाधानी होतो. ओरखडा असतो तिथेच, फक्त तक्रार करत नाही. दोन्ही दारांना फिलर लावलं, पुसलं, आणि दिवा तिरका धरून पाहिलं. काही नव्हतं. दार आरशासारखं होतं.

आत्या आली. तिने वाकून शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार पाहिलं, इकडून, तिकडून. मग सरळ होऊन म्हणाली, "गेलं?"

मी सांगितलं की दिसत नाही. तिने तेवढ्यावर भागवलं. त्या रात्री जेवताना ती भरभरून बोलली. तीन वेळा परीक्षेत नापास झालेल्या शिंपिणीची गोष्ट सांगितली, जी चौथ्या वेळी पास झाली आणि परीक्षकालाच घरी सोडून आली. टोपीमावशीचा विषय निघाला नाही.

चूक मी शनिवारी सकाळी केली.

शेवटचं काम सीलंटचं होतं. रंगावर एक पातळ पारदर्शक आवरण, जे पाणी आणि ऊन यांना काही महिने बाहेर ठेवतं. ते स्वच्छ रंगालाच धरतं. खाली तेलकटपणा असेल तर त्याला पकड मिळत नाही. हे मला माहीत होतं. फिलरमध्ये तेल असतं हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारखान्यात लेप देण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसल्याशिवाय आमचा हात पुढे जातच नाही. माझाही गेला नाही. मी फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं आणि शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार वरपासून खालपर्यंत नीट पुसलं.

स्पिरिट उडालं आणि ओरखडे परत आले. सूर्य नुकताच गाडीघरात शिरला होता, जमिनीला समांतर. पॉलिशने बारीक ओरखडे काढून टाकले होते आणि फक्त सगळ्यात खोल उरले होते. ते कसेही पसरलेले नव्हते. घासणाऱ्याने जिथे सगळ्यात जास्त जोर लावला होता तिथेच ते होते, आणि त्या जागांना आकार होता. मी दोन पावलं मागे सरकले आणि वाचलं.

दोघी.

वीतभर उंचीची दोन अक्षरं. कधीतरी तिथे रंगाने शाळेचं नाव लिहिलेलं असणार, आणि ते पुसून टाकायला कुणीतरी त्या अक्षरांवरूनच हात फिरवला होता. पुसण्याच्या खुणांनीच ते पुन्हा लिहिलं गेलं होतं. जवळून फेस, लांबून शब्द. मला आधी खरंच आनंद झाला, कोडं सुटल्याचा. मग लक्षात आलं की हे कोडं कुणाचं तरी आहे.

आत्या चहा घेऊन आली तेव्हा मी तिथेच उभी होते. तिने कप बॉनेटवर ठेवला. गाडीवर ती कधी काही ठेवत नाही.

मग तिने एका दमात सांगितलं, माझ्याकडे न बघता. टोपीमावशीने एका नवख्या बाईला पहिल्याच आठवड्यात मोठ्या रस्त्यावर नेलं होतं. नेऊ नकोस असं आत्याने त्याच सकाळी बजावलं होतं. त्या बाईने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं आणि गाडी एका बेकरीच्या भिंतीवर गेली. बाईला खरचटलंही नाही. मावशीचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. संध्याकाळी आत्या दवाखान्यातून थेट गाडीघरात आली, फुटलेला दिवा पाहिला, आणि थिनरची बाटली आणि स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेऊन दारावरचं नाव पुसलं.

"त्या रंगाऱ्याने," मी म्हणाले.

"चावटपणा नको," आत्या म्हणाली.

पुढचं मी विचारलं नाही, तीच म्हणाली. मावशी सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती. परत आलीच नाही. कंटाळा आला हे घरच्यांना सांगायला सोपं पडलं आणि नंतर नंतर आत्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

मग ती माझ्याकडे वळली आणि आता काय काय करता येईल असं विचारलं. तिला सगळे पर्याय आकड्यांसकट हवे होते. मी सांगितले. जाड कंपाउंडने घासलं तर शब्द कायमचा जाईल, पण प्रायमर दिसायची भीती आहे. फिलर पुन्हा लावलं तर उद्यापुरतं काहीही दिसणार नाही, पण त्यावर सीलंट बसणार नाही आणि दोन-तीन वेळा गाडी धुतली की ओरखडे परत येतील. आणि आहे तसं ठेवून त्यावर सीलंट लावलं, तर ते उत्तम बसेल, आणि शब्द त्याखाली तसाच राहील.

"उद्यापुरतं," आत्या म्हणाली. "तिला दिसता कामा नये. एकदाच येणार आहे ती. बघू दे, जाऊ दे."

गाडी तिची होती. मी फिलर लावलं. दार पुन्हा आरसा झालं. फक्त या वेळी मला त्यात शब्द दिसत होता, आणि तिलाही दिसत असावा, कारण संध्याकाळी ती तीनदा गाडीघरात जाऊन आली.

टोपीमावशी रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना आली. टोपी नव्हती. केस पांढरे, बारीक कापलेले, खांद्याला झोळी. मला ओळखायला तिला दोन सेकंद लागले. मग म्हणाली की केक मोजणारी ती हीच का. लहानपणी मी तिला अगं-तुगं करायचे, आता तोंडातून तुम्ही आलं. उजवं मनगट तिला पूर्ण वळवता येत नव्हतं. चहाचा कप तिने डाव्या हाताने उचलला, आणि आत्याने खिडकीबाहेर पाहिलं.

दोघींचं बोलणं ऐकताना मला अवघडल्यासारखं होत होतं. गुडघ्यांबद्दल झालं, चष्म्याच्या नंबरांबद्दल झालं. मावशी निवृत्त झाली होती, एका पुतण्याच्या घराजवळ राहत होती. हल्ली गाडी चालवत नाही म्हणाली, बसने फिरते, बसचालकांच्या चुका मोजते. आत्या हसली. मग बोलणं संपलं आणि मावशी म्हणाली, "दाखव."

आम्ही गाडीघरात गेलो. मावशी गाडीभोवती सावकाश फिरली, हात पाठीमागे बांधून, परीक्षक फिरतो तशी. टपाकडे पाहून म्हणाली की घेतली तेव्हाही एवढी लाल नव्हती. मागच्या बाजूला थांबली, चाकं पाहिली. मग शिकवणाऱ्याच्या बाजूच्या दारापाशी आली आणि तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली. दारात तिचं प्रतिबिंब होतं, कमरेपर्यंत, स्वच्छ.

"छान ठेवलीस," ती म्हणाली. "काही खूण नाही."

तिचा आवाज कोरडा होता. मी आत्याकडे पाहिलं. आत्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. आता मावशी आणखी पाच मिनिटं थांबली असती, बसची वेळ झाली म्हणाली असती आणि गेली असती.

आत्या फळीकडे गेली. तिने स्पिरिटची बाटली घेतली, फडकं घेतलं, मावशीला हाताने बाजूला केलं आणि दार पुसायला लागली. तिला पुसता येत नव्हतं. स्पिरिट फार घेतलं, ओघळ खाली गेले, मग तेच फडकं वर फिरवलं. आरसा डागाडागाने गेला. आत्या मागे सरली, आणि म्हणाली, "इथून बघ. जवळून दिसत नाही."

मावशी मागे आली. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मग पुढे होऊन तिने "दो"च्या मात्रेवरून बोट फिरवलं.

"मला वाटलं तू रंगारी बोलावलास," ती म्हणाली.

"नाही."

"त्या कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याशी मी पुन्हा कधी बोलले नाही. भेटला की हात करायचा बिचारा. मी तोंड फिरवायचे." ती अजून दाराकडेच बघत होती. "कशाने केलंस?"

"तारेच्या घासणीने. दवाखान्यातून आले तेव्हाच."

"रडत होतीस?"

"तुला शिव्या देत होते."

मावशीने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. तिचा चेहरा जरा सैल झाला होता. मला वाटलं, झालं. एका संध्याकाळचा राग होता, ठरवून केलेलं नव्हतं. दारानेच तशी साक्ष दिली होती. मावशी गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला निघाली. तिथलं दार अजून आरसा होतं. आत्याला गप्प राहता आलं असतं. त्या दारावर काय आहे हे मी आणि ती सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला तरी शनिवारी कुठे सांगितलं होतं तिने.

"ते दार दुसऱ्या दिवशी सकाळी केलं," आत्या म्हणाली. "चिकटपट्टी लावून. शांत डोक्याने. तेव्हा राग नव्हता."

मावशी बॉनेटपाशी थांबली. माझ्या वहीतलं प्रश्नचिन्ह सुटलं, आणि या वेळी आनंद झाला नाही.

"प्लास्टर काढल्यावर मी आले होते," मावशी सावकाश म्हणाली. "रस्त्याच्या पलीकडे उभी होते. गाडी बाहेर होती. हेच दार माझ्याकडे होतं."

"माहीत आहे. मी खिडकीत होते."

आत्याच्या हातात फडकं तसंच होतं, त्यातून स्पिरिट जमिनीवर ठिबकत होतं. मी ते घ्यायला हवं होतं, पण हललं तर काहीतरी बिघडेल असं वाटलं. मावशीने चालकाच्या बाजूच्या दाराकडे एकदा पाहिलं. त्याच्या जवळ गेली नाही. परत फिरून माझ्यापाशी आली आणि विचारलं की शेवटी लावायचं ते आवरण किती टिकतं. मी म्हटलं, सहा महिने. नीट जपलं तर वर्षभरही.

"आणि ते असं, ओरखड्यांवरच लावता येतं?"

असंच लावायचं असतं, मी म्हटलं. तेल निघून गेलेलं आहे, आता चांगलं धरेल.

"मग या दाराला लाव," मावशी म्हणाली. "त्या दाराला आज हात लावू नका. ते मला आज झेपणार नाही." मग तिने विचारलं, "त्यावर जे काही चोपडलंय ते किती दिवस राहील?"

मी दोन-तीन धुण्यांचं गणित पुन्हा सांगितलं. मावशी आत्याकडे वळली.

"मी येईपर्यंत गाडी धुऊ नकोस. माझ्यासमोर पूस ते."

"कधी येशील?"

"ते नाही सांगत."

तिने झोळी खांद्यावर घेतली. आत्या तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघी शेजारी चालत होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी दार कोरडं केलं, आत्याने केलेले ओघळ काढले, मावशीच्या बोटाचा ठसा काढला आणि सीलंटचा पातळ हात दिला. सुकायला तास लागतो. तोवर मी वहीत दोन्ही दारांच्या नोंदी पूर्ण केल्या. पहिल्याखाली संध्याकाळ लिहिलं, दुसऱ्याखाली सकाळ.

सोमवारी यंत्र परत केलं. साहेबांनी विचारलं की काम झालं का. मी अर्धं झालं म्हटलं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी आत्याकडे गेले. तीस वर्षं ही बाई दिवसाआड गाडी धुते, शेजारी त्यावरून दिवस मोजतात. गाडीघर उघडलं तर गाडी राखाडी झाली होती. टपावर धुळीचा सलग थर, बॉनेटवर मांजराच्या पावलांची रांग वर जाऊन परत आलेली. आत्याने तिला एकदाही बाहेर काढलं नव्हतं, रस्त्यावरचं पाणी उडेल म्हणून. मावशी अधूनमधून फोन करते म्हणाली. कधी चष्म्याबद्दल बोलते, कधी बसचालकांबद्दल. तारीख काढत नाही.

मी निदान टपावरून कोरडा ब्रश फिरवते म्हटलं. तिने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. मग चालकाच्या बाजूला गेली, हात मागे बांधून वाकली आणि दाराकडे बघत राहिली. त्या बाजूला धुळीखालूनही थोडी चमक होती.

"धुळीने निघतं का गं ते?" तिने विचारलं.

"नाही. धुळीने काही होत नाही त्याला."

"मग असू दे," आत्या म्हणाली आणि गाडीघराचं दार ओढून घेतलं.